काळ्या झाकणाचं इंजिन

१७ नोव्हेंबर, रविवार

“गरम मशीनला काही विचारू नये. गार झालं की ते आपणच सांगतं.”

नाना हे बोलले त्याला वीस वर्षं होऊन गेली. लग्न होऊन मी नेपानगरच्या क्वार्टरमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंचा मिक्सर जाळला. वास आला, धूर आला, मी रडवेली होऊन भांडं ओढायला गेले तर मागून सासऱ्यांचा हा आवाज. आता बोलणी बसणार म्हणून मी थिजले. नाना रागावले नाहीत. कागदाच्या मिलमध्ये फिटर म्हणून आयुष्य काढलेल्या त्या माणसाने पिन काढली, मिक्सर खिडकीत वाऱ्याला ठेवला आणि म्हणाले, तोवर चहा कर. त्या दिवसापासून मी या घरात कधी परकी राहिले नाही.

आज तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले, चांदनी गावाच्या मैदानावर.

दर रविवारी सकाळी मी आणि नाना त्यांचं हेलिकॉप्टर घेऊन तिकडे जातो. स्टेशनच्या पलीकडे एक पडीक तुकडा आहे, वर तारा नाहीत, जवळ घरं नाहीत. हेलिकॉप्टर छोटं, रिमोटवर उडणारं असलं तरी खेळण्यातलं नाही. पाती पसरली की पलंगाच्या रुंदीचं होतं. आत मुठीएवढं खरं इंजिन आहे, मिथेनॉल आणि एरंडेल पिऊन चालणारं. निवृत्तीच्या वर्षी नानांनी ते घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं नातीसाठी आणलं. नात कॉलेजला इंदूरला गेली, नाना अजून उडवतात.

दिवाळीपासून स्कूटर मी चालवते. परतीला ऊन डोळ्यांवर येतं म्हणतात. जातानाही मीच चालवते, त्याला काही म्हणत नाहीत.

आज इंजिनाचा आवाज असा खुलला होता की नाना स्वतःच म्हणाले, इतकं गोड हे कधी वाजलंच नाही. थोड्याच वेळात ते गोड वाजणं किंचाळण्यावर गेलं आणि मग एकदम काहीच नाही. आकाशात नुसती पात्यांची सुरसुर. इंजिन मेलं तरी पाती आपल्या वेगाने फिरत राहतात, तेवढ्यावर नानांनी ते खाली आणलं. शेजारच्या हरभऱ्यात आदळलं, जमिनीवर टेकायची खालची पट्टी मोडली. मी धावत पुढे. नाना बांधावरून पायाने चाचपत, हळूहळू मागून आले. मी हात लावणार तेवढ्यात म्हणाले, “राहू दे बेटा. गरम आहे. आत्ता त्याला काही विचारू नको.”

मग आम्ही बांधावर बसून राहिलो.


२० नोव्हेंबर, बुधवार

नाना चहाला खाली आले नाहीत. कालही नाही, परवाही नाही. मी वर नेऊन दिला तर अर्धा कप तसाच राहिला. हेलिकॉप्टर कपाटावर चादरीखाली.

प्रवीण संध्याकाळी ऑफिसमधून आला आणि जेवताना त्याने वडिलांपुढे विषय काढला. इंजिन बनवणाऱ्या कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं आहे, त्याने इंटरनेटवर पाहिलं. “छोडो ना आता, नाना. पंच्याहत्तरी आली. आता आरामात टीव्ही बघा.” नानांनी मान हलवली. हो म्हणाले. मला ते हो आवडलं नाही. सासूबाई गेल्या तेव्हा नाना असेच सगळ्याला हो म्हणत होते आणि दिवसेंदिवस खोलीबाहेर येत नव्हते. मग एका रविवारी आपणहून उठले, हेलिकॉप्टर पुसलं आणि मला म्हणाले, चलतेस का. तेव्हापासून त्यांचा आठवडा रविवारवर टांगलेला आहे. तो खिळा निघाला तर बाकीचे दिवस कशावर टांगायचे?

प्रवीणला हे सांगितलं तर म्हणेल तू फार विचार करतेस. करते.

हात धुताना मी नानांना म्हटलं, आपण खोलून तर बघू. ते म्हणाले, खोलशील का तू? मी म्हटलं, खोलेन.


२४ नोव्हेंबर, रविवार

आज गच्चीवर इंजिन खोललं.

आधी नानांनी ट्रंकेतून फेल्टचा तुकडा काढला. फेल्ट म्हणजे मिलमध्ये ओला कागद ज्याच्यावरून सरकतो ते जाड लोकरी कापड. झिजलं की बदलतात, आणि जुन्याचे तुकडे मिलच्या प्रत्येक घरात असायचे. कुणी पायपुसणं करायचं, कुणी बाळाखाली घालायचं. नानांनी आपला तुकडा फक्त खोललेल्या मशीनसाठी ठेवला आहे.

पद्धत अशी. भाग ज्या क्रमाने निघेल त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. मांडलेलं हलवायचं नाही. आणि पूर्ण रांग लागेपर्यंत चूक कुणाची हे कुणीही तोंडातून काढायचं नाही. मिलमध्ये मशीन बंद पडलं की साहेब लोक आधी माणूस शोधायचे, म्हणून फिटरांनीच आपसात हा नियम केला होता. दुसरा नियम, मशीनवर एका वेळी एकच हात. दोघांचे हात आले की एकाची बोटं जातात. आज हात माझे होते.

नाना शेजारी स्टुलावर बसले, उन्हाकडे पाठ करून. कशालाच हात लावेनात. सगळं माझ्याकडून बोलवून घेत होते. रंग सांग. ओरखडा आहे का? उभा की आडवा? बेअरिंगच्या कडेला आकडे कोरलेले असतात, वाच. मी म्हटलं, फार बारीक आहेत. “तुझे डोळे चांगले आहेत, वाच.” आणि खरंच वाचता आले. मग तो भाग हातात घेऊन, डोळे मिटून ते त्याच्यावरून बोट फिरवायचे आणि मान डोलवायचे, माझं उत्तर तपासल्यासारखी. शिकवण्याची ही किती चांगली रीत आहे. वीस वर्षं मी राजपुऱ्यातल्या शाळेत शिकवते आहे, पण मी आधी सांगून टाकते आणि मग मुलांना विचारते. नाना सगळं माहीत असून समोरच्याच्या तोंडून काढतात.

पिस्टन गेला. ज्या बाजूने जळका धूर बाहेर पडतो त्या बाजूला उभे ओरखडे. ज्या नळीत तो वर-खाली होतो तिला लायनर म्हणतात, तोही तसाच खरवडलेला. पुढचं बेअरिंग फिरवलं की दाताखाली वाळू आल्यासारखं वाटतं, मागचंही तसंच. बाहेरची केस, क्रँक, कार्ब्युरेटर शाबूत, पण सगळ्यावर जळक्या एरंडेलाचा तपकिरी थर. कढईच्या बुडाला चढतो तसा, तितकाच हट्टी.

रांग पूर्ण झाली तेव्हा मी विचारलं, आता सांगा चूक कुणाची. नाना रांगेकडे वाकले. म्हणाले, “उपाशी चाललं ते. तेल कमी पोचलं. पाइपमध्ये कुठे हवा शिरली असेल.”

एका बेअरिंगचा आकडा मी आधी चुकीचा वाचला होता. त्यावर म्हणाले, मिलच्या डॉक्टरसमोर असं वाचलं असतंस तर गेटवर बसली असतीस. मिलमध्ये दरवर्षी मेडिकल व्हायचं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक डोळा झाकून वाचायचा. नापास झाला तो मशीनवरून निघाला, मग त्याला गेटवर स्टूल आणि ट्रकचे नंबर. नानांचे जोडीदार चुडामण मिस्त्री असेच गेले. मशीनच्या आवाजावरून रोग सांगणारा माणूस, त्या स्टुलावर दोन वर्षांत म्हातारा झाला. त्यानंतर आमच्या पूर्ण खात्याने तक्ता पाठ केला, नाना म्हणाले. आणि तिथल्या तिथे शेवटची ओळ म्हणून दाखवली, “र, न, ट, प, ग, म.” मग उलटीही म्हटली. मी इतकी हसले की स्क्रूची वाटी सांडता सांडता राहिली.

किती दिवसांनी ते चहाला खाली आले.


२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज मी मोठा गाढवपणा केला.

तो तपकिरी थर काही केल्या निघेना. शाळेतून आल्यावर नाना झोपलेले पाहून मी इंजिनाचं मागचं झाकण धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं. आईची कढई अशीच निघायची. पण कढई लोखंडाची, आणि हे ॲल्युमिनियम. पाणी फसफसलं, आणि झाकण बाहेर काढलं तर कोळशासारखं काळं. असं झाकण आता कुठे मिळणार आहे?

नाना उठल्यावर मी ते त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी अंगठ्याने कडा चाचपल्या, स्क्रूची भोकं चाचपली.

“किती काळं झालंय?”

“तव्यासारखं, नाना.”

“काळं झालंय, मेलं नाही. कडा शाबूत आहेत. लाव बिनधास्त.” मग थोडं थांबून, “तुझ्या सासूने एकदा माझं घड्याळ धुतलं होतं. साबणाने.”

बास, एवढंच. मी त्यांच्या जागी असते तर दिवसभर सुनावलं असतं.


१ डिसेंबर, रविवार

आता योग्य रीत. गाड्यांच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं कूलंट, गच्चीवर स्टोव्हच्या मंद आचेवर, आणि त्यात भाग. उकळी येऊ द्यायची नाही, आणि वाफ तोंडावर घ्यायची नाही. ते विष आहे, म्हणून ज्या पातेल्यात केलं त्याच्या बुडाला मी खिळ्याने फुली मारली. ते आता कायमचं गच्चीवरचं.

दुपारपर्यंत पाणी चहासारखं झालं आणि जुन्या टूथब्रशने थर सालीसारखा निघायला लागला. खालून चांदीसारखा धातू. मी शाळेत कधी एवढी खूश झाले नव्हते. प्रवीण वर येऊन बघून गेला, म्हणाला, स्वयंपाकघरातली कढई अशी कधी निघत नाही आपल्या घरात. मी म्हटलं, तिला तू हात लाव.

मग नानांनी बिस्किटांचा जुना डबा आणायला सांगितला. त्यात त्यांचं पहिलं इंजिन आहे, याच जातीचं. बारा वर्षांपूर्वी पडलं होतं, केसला चीर गेली. पण आतले पिस्टन आणि लायनर चांगले आहेत, फक्त एरंडेल सुकून घट्ट बसलेत. म्हणजे एकाचं अंग आणि दुसऱ्याचं काळीज. मी म्हटलं, मग फक्त पिस्टन काढू का, आत्ताच्या इंजिनाचा लायनर पॉलिश करून. नानांनी हात वर केला. पिस्टन आणि लायनर नेहमी जोडीनेच काढायचे. एकमेकांवर घासून घासून ते एकमेकांपुरते झालेले असतात, दुसऱ्याशी त्यांचं जमत नाही.

हे बोलून ते खाली गेले. मी दोन्ही एका पुडीत बांधून ठेवले.


८ डिसेंबर, रविवार

बेअरिंग केसमधून ठोकून काढायची नसतात. केस तापवायची, ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, मग लाकडावर आपटली की बेअरिंग आपलं आपण पडतं. तर माझ्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये आज इंजिनाची केस. मी हातमोजे घालून काढली, पाटावर उलटी आपटली, आणि टक. पुढचं पडलं. आणखी एकदा, मागचं पडलं. मी लहान मुलीसारखं नानांकडे बघितलं. नाना आवाज ऐकून आधीच हसत होते.

मागचं बेअरिंग जुन्या इंजिनाचं चालणार होतं. प्रश्न पुढच्याचा होता. मी ते रुमालात बांधून लोटूभाऊंकडे नेलं. त्यांचं पॉवरलूमच्या स्पेअरचं दुकान. मी त्या गल्लीत पंधरा वर्षं चादरी घ्यायला जाते, या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता. त्यांनी आकडा बघितला आणि विचारलं, “भाभीजी, लूम कब से लगा लिया?” मी म्हटलं, लूम नाही, हेलिकॉप्टर. दुकानातले दोघे-तिघे हसले. लोटूभाऊ हसले नाहीत. मागच्या खणातून एक डबी काढली, बेअरिंग बोटावर फिरवून माझ्या कानाजवळ धरलं. काहीच आवाज नाही. “बस, यही चाहिए तुमको.”

परत येताना मी इतकी ताठ चालत होते की शेजारच्या यमुनाताईंनी विचारलं, प्रमोशन झालं का.

नानांनी डबीवरचा आकडाही माझ्याकडून वाचून घेतला. दोनदा.


१५ डिसेंबर, रविवार

जोडणी. पिस्टनच्या पिनला एक इवलीशी तारेची कडी बसते. ती नानांनी माझ्या हातात दिली. एरवी अशी कडी ते स्वतः बसवतात, मला जवळ येऊ देत नाहीत. आज म्हणाले, बसव तू. दोनदा उडाली, एकदा तर मोरीच्या तोंडाशी सापडली, तिसऱ्यांदा बसली. नाना गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होते, कडी खाचेत बसल्याचा बारीक टिक आवाज आला तसे म्हणाले, झालं.

सगळं चांदीसारखं आणि मागे ते एक काळं झाकण. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावल्यासारखं.

पाइप आणि टाकी मी बादलीत बुडवून फुंकून बघितली. एकही बुडबुडा नाही. कार्ब्युरेटरही स्वच्छ होता. मग हवा शिरली कुठून? नानांना विचारलं तर म्हणाले, असेल दुसरं काही, आणि स्वेटर शोधायला लागले. तो त्यांच्या मांडीवरच होता.

धुकं फार पडतंय यंदा, असंही म्हणाले. मला तर वाटतं यंदा धुकं झालंच नाही.


२९ डिसेंबर, रविवार

इंजिन चालू झालं. आधी तेवढंच लिहिते, कारण ते खरं आहे आणि ते मी केलं आहे.

नानांकडे शिसवी फळीचं स्टँड आहे. त्यावर इंजिन आवळायचं, पुढे विमानाचं छोटं लाकडी पातं लावायचं, म्हणजे हेलिकॉप्टरमध्ये बसवण्याआधी जमिनीवर चालवून बघता येतं. प्रवीण सुट्टीवर होता, तोही गच्चीवर आला, कानात बोटं घालून. तिसऱ्या झटक्याला इंजिनाने एकदा खोकून घेतलं आणि धरलं. तो आवाज! माझ्या हातांनी घातलेली प्रत्येक कडी त्यात ओरडत होती.

कार्ब्युरेटरला एक बारीक सुई असते. ती उघडली की तेल जास्त जातं, मागून जाड पांढरा धूर येतो, इंजिन जड वाजतं पण सुरक्षित असतं. सुई आवळत गेलं की धूर पातळ होतो आणि आवाज गोड होत जातो. पण पातळ धुराची एक शेपटी कायम राहिली पाहिजे. ती दिसेनाशी झाली की इंजिन उपाशी.

सुई नानांच्या हातात होती. मशीनवर एकच हात. मी तेलाचा पाइप धरून बाजूला.

“धूर?”

“भरपूर, नाना. पांढरा.”

त्यांनी थोडी आवळली. पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग प्रवीण मला काहीतरी ओरडून म्हणाला आणि मी त्याच्याकडे वळले. परत वळले तेव्हा आवाज चढला होता. ओळखीचा आवाज, चांदनीच्या मैदानावरचा. धूर नव्हता. मागे नुसती यमुनाताईंची गच्ची, त्यांच्या वाळत घातलेल्या साड्या, स्वच्छ, एकेक काठ दिसत होता. आणि नाना त्या मोकळ्या हवेकडे बघून समाधानाने हसत होते.

“हं,” म्हणाले. “आता बघ कशी बरोबर शेपटी धरलीय.”

आणि आणखी थोडी आवळली.

मी पाइप चिमटीत दाबून धरला. इंजिन लगेच बंद पडलं. इतकं शांत झालं की खालच्या गल्लीतला भाजीवाला ऐकू आला.

नाना माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत मी त्यांचा तो चेहरा पाहिला नव्हता. “मशीनवर दोन हात? कुणी सांगितलं तुला?”

मी काही बोलले नाही. गरम होतं. इंजिनही, आम्हीही. प्रवीण म्हणाला, अरे चांगलं चाललं होतं, बंद का केलं? नाना जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी पायाने शोधत खाली गेले.


३० डिसेंबर, सोमवार

शाळेला सुट्टी. सकाळी एकटीने गच्चीवर जाऊन इंजिन बघितलं. प्लग काढून आत डोकावले. पिस्टन चांगला आहे, वेळेत थांबलं. तो प्लग मी परत लावला नाही. शिवणाच्या डब्यात ठेवला आहे. प्लगशिवाय इंजिन चालत नाही हे नानांना कळेल, आणि तो कुणी काढला हेही.

मग फेल्टवर बसले आणि एकेक गोष्ट रांगेत मांडत गेले. स्कूटर. बांधावरचे पाय. बेअरिंगचे आकडे. “किती काळं झालंय?” मांडीवरचा स्वेटर. धुकं.

मला वाटत होतं, मी शिकते आहे.

शिकलेही. पण मी एवढी खूश होते स्वतःवर, की समोरचा माणूस मला का विचारतोय हे मी कधी विचारलं नाही. टाकी चांगली, पाइप चांगला, कार्ब्युरेटर चांगला. मैदानावर इंजिन उपाशी मेलं त्या दिवशीही धूर नसणार, आणि नानांना तो तिथे दिसला असणार. मैदानावर मी होते की. मी वर उडणारं हेलिकॉप्टर बघत होते, धूर नाही.

त्यांना माहीत आहे का? एकदा वाटतं नाही, ते खरंच समजतात की धुकं पडलं आहे. एकदा वाटतं, चुडामण मिस्त्रींना स्टुलावर बसलेलं पाहिलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशीच कळलं असेल.

प्रवीणला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, मोतीबिंदू असेल, आजकाल अर्ध्या तासाचं काम आहे, उद्याच गाडी करून नेऊ. मी म्हटलं, नको. तू नेशील तर ते हो म्हणतील. तुला ते सगळ्याला हो म्हणतात आणि खोलीत जाऊन बसतात. मला ते नाही म्हणतात. नाही म्हणणाऱ्याशी बोलता येतं.


१ जानेवारी, बुधवार

दोन दिवस नाना माझ्याशी कामापुरतंच बोलले. काल संध्याकाळी मात्र स्वतः गच्चीवर गेले. मी मागोमाग गेले नाही, जिन्यात उभी राहिले. ते स्टँडजवळ गेले, बोटांनी इंजिन चाचपलं, वरची प्लगची रिकामी जागा चाचपली. तिथे त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. मग मागे जाऊन ते काळं झाकण चाचपलं. खाली आले तेव्हा मी स्वयंपाकघरात होते असं दाखवलं.

प्लगबद्दल काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले, “फेल्ट झटकून नीट घडी करून ठेव. तुला लागेल पुढे.”

तुला, म्हणाले. म्हणजे अजून राग आहे, पुढचं काम मी एकटीने करावं असं सुनावत असतील. असू दे. पण रात्री जेवताना भाकरी मागून घेतली, आणि लोटूभाऊंच्या दुकानात मी काय बोलले ते पुन्हा सांगायला लावलं. प्रवीणला हसू आवरेना. नानाही हसले. म्हणजे गार झालंय आता.

उद्या सकाळी चहाबरोबर विचारणार. तेही मी एकटीच, प्रवीण अंघोळीला गेल्यावर.

मला भीती नाही वाटत. महिनाभरात मी इंजिन खोललं, काळं केलं, उजळ केलं, जोडलं, चालवलं. ते कुणाच्या तरी नजरेसमोर पुन्हा आकाशात जाणार आहे, आणि ती नजर नानांची असावी एवढंच माझं म्हणणं आहे. तोवर प्लग माझ्या सुईदोऱ्यात राहील.

ते नाही म्हणणार, हे मला माहीत आहे. कसे म्हणतील तेही. बशी खाली ठेवतील, चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसतील, म्हणतील काच घाण झाली होती बस. फार बोलले तर म्हणतील, बाहेर एक स्टूल टाकून दे मग, स्कूटरींचे नंबर लिहीत बसतो. आणि वर जातील. मी परवा पुन्हा विचारेन.

ऐनवेळी तोंडातून भलतंच निघू नये म्हणून वाक्य इथे लिहून ठेवते.

“नाना, जळगावला डोळे दाखवायला चला माझ्याबरोबर. आणि तिथे तक्ता समोर आला की पाठ म्हणू नका. दिसेल तेवढंच वाचा.”